पुतळ्याचा हात

मामींना मामी म्हणण्याचा खरा हक्क कंपनीत एकाच माणसाला होता, तो म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा भाचा. तो वर्षभरही टिकला नाही. नातं नोकरी सोडून गेलं, हाक मात्र मागे राहिली. आता दारावरच्या पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळेच त्यांना मामी म्हणत. मामी मात्र सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघत. आता काय मोडून आलात, अशी ती नजर असे.

कंपनीचं काम दवाखान्यांचं. दवाखान्यात गेलं की यंत्रातून चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर नंबर असतो, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तो नंबर उगवेपर्यंत माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आपल्या दुखण्याविषयी नवनवीन शंका काढत राहतो. ते पडदे, ते नंबर आणि त्यामागची सगळी यंत्रणा ही कंपनी चालवायची. प्रोग्राम लिहिणारे खालच्या मजल्यावर बसत. त्यांनी लिहिलेलं दवाखान्याच्या भिंतीपर्यंत सुखरूप पोचवायचं काम वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत चाले. ती खोली मामींची. दारावर 'डेव्हऑप्स' अशी पाटी होती. तिचा अर्थ विचारणाऱ्याला मामी सांगत, "लिहिणारे चालवणाऱ्यांवर ढकलायचे आणि चालवणारे लिहिणाऱ्यांवर. ते थांबवलं. त्याला हे नाव आहे."

थांबवलं होतं ते ओपन सोर्स साधनांच्या जोरावर, म्हणजे ज्यांचा कोड जगात कुणालाही उघडून वाचता येतो, वापरता येतो आणि सुधारून परत देता येतो अशा साधनांच्या. मामींनी ती एकापुढं एक जोडून एक वाट बांधली होती. कुठलाही बदल आधी गिटमध्ये, म्हणजे सगळ्या बदलांच्या सामाईक नोंदवहीत, जायचा. कुणी केला आणि का केला, हे नावानिशी लिहून. मग दुसऱ्या कुणीतरी तो वाचून स्वतःच्या नावानं मंजूर करायचा. पण त्याआधी तो चाळणीतून पार व्हायला हवा. चाळणी म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्या. काही खटकलं की ती लाल व्हायची आणि बदल तिथंच अडायचा. आणि सगळ्यात शेवटी राखणदार.

राखणदार हा प्रोग्राम डोक्यानं यथातथा पण कमालीचा इमानी होता. त्याला एवढंच ठाऊक होतं की गिटमध्ये लिहिलंय ते खरं. दर थोड्या वेळानं तो दवाखान्यांच्या पडद्यांकडे बघे, मग गिटकडे बघे, आणि दोन्हींत फरक दिसला की पडदा गिटसारखा करून टाके. चिडत नसे, जाब विचारत नसे. नवऱ्यानं वाटेत सरकवलेली खुर्ची बायको एक शब्दही न बोलता जागेवर लावते, त्यातला प्रकार. असे दोन राखणदार होते, दोन वेगळ्या यंत्रांवर, आणि ते एकमेकांवरही नजर ठेवून असत.

या वाटेचा नियम एकच होता. चालू सर्व्हरला, म्हणजे पडदे चालवणाऱ्या यंत्राला, थेट हात लावायचा नाही. जो लावेल त्याच्या टेबलावर हात येईल.

हा हात खराखुरा होता, म्हणजे प्लास्टिकचा. तळमजल्यावरचं कपड्यांचं दुकान बंद झालं तेव्हा मागे एक पुतळा उरला होता. पुतळा भंगारात गेला, उजवा हात तेवढा मामींनी ठेवून घेतला. कोपरापासून पुढचा, गुलाबीसर, नखं रंगवलेली, बोटं अशी पुढं झालेली की आत्ता कुणाकडे तरी किल्ली मागेल. सध्या तो बोक्याकडे होता. बोका म्हणजे मामींच्या खोलीतला दुसरा माणूस. जेवल्यावर खुर्चीत अंगाचं वेटोळं करून झोपतो म्हणून बोका. एकदा घाईघाईत त्यानं सर्व्हरवर थेट एक ओळ बदलली होती. राखणदारानं ओळ पूर्ववत केली आणि हात बोक्याच्या टेबलावर आला, तो पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत. बोक्याची काही तक्रार नव्हती. तो त्या बोटांवर हेडफोन टांगायचा. पुढचा गुन्हेगार शोधायचा तर खुर्चीतून उठावं लागलं असतं.

अशा नीट बसलेल्या संसारात जावई आला.

मोठ्या साहेबांचा, म्हणजे मालकांचा जावई. त्याला 'परिवर्तन प्रमुख' केलं होतं. परिवर्तन काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण प्रमुख ठरला होता. समोर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठ वळली की जावईबापू. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना जन्मात कुणी थांबा म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द ऐकला की आपल्याला कमी ऐकू येतंय की काय, असं त्यांना वाटे. आल्या आल्या त्यांनी चालू सर्व्हरची किल्ली मागितली. मामींनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, द्या, घरचाच आहे. मामींनी दिली. घरच्यांकडूनच मोडतोड जास्त होते, हे त्या तेव्हा बोलल्या नाहीत.

जावईबापूंनी पहिलं परिवर्तन आणलं ते दवाखान्यांच्या पडद्यांवर. लोक तासन्‌तास त्या पडद्याकडे टक लावून बघतात आणि त्यांना दिसतो काय, तर नुसता नंबर. म्हणून त्यांनी तिथं स्वतःचा फोटो चढवला. कोट, हाताची घडी, ठसठशीत मिशी, आणि खाली 'तुमची काळजी, आमचं वचन'. फोटोला जागा व्हावी म्हणून नंबर जरा बारीक करून कोपऱ्यात सरकवला. हे सगळं त्यांनी थेट सर्व्हरवर, स्वतःच्या हातानं केलं. पडद्याचं चित्र काढून बायकोला पाठवलं, सासऱ्यांना पाठवलं, आणि समाधानानं कॉफी आणायला गेले. परत येऊन बघतात तर फोटो गायब.

त्यांनी पुन्हा चढवला. पुन्हा गेला. आपलंच काहीतरी चुकतंय असं एखाद्याला वाटलं असतं. जावईबापूंना वाटलं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे.

मामींना हे कळलं ते आईच्या फोनवरून. आई डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि तोंडाला कसलीही बाधा नव्हती.

"अगं, तुमच्या पडद्यावर हा मिशीवाला कोण आहे?" आईनं विचारलं. "सारखा येतो आणि जातो. घड्याळातला पक्षी बाहेर येतो ना, तसा. हा आला की नंबर मुंगीएवढा होतो. हा असतानाच माझा नंबर येऊन गेला म्हणे."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार, परत चिठ्ठी घेतली. आता माझ्यापुढं अख्खी वसाहत आहे. कोण लागतो तो तुझा?"

"साहेबांचे जावई आहेत."

"मग त्याला सासऱ्याच्या दिवाणखान्यात टांगा म्हणावं. तिथं कुणी नंबर लावून बसलेलं नसतं."

मामींनी राखणदाराची नोंद उघडली. फरक दिसला, पूर्ववत केलं. फरक दिसला, पूर्ववत केलं. सकाळपासून त्या बापड्यानं मान वर केली नव्हती. मामींच्या मागून बोक्यानं डोकावून बघितलं आणि फार दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जाग आली. त्यानं हातावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, न्यायचा का? मामी म्हणाल्या, इतक्यात नको. माणूस नवा आहे, आधी नियम सांगू, मग हात.

नियम सांगायची वेळच आली नाही. दुपारी जावईबापूंनी सगळ्यांना खालच्या मोठ्या खोलीत जमवलं आणि जाहीर केलं की कंपनीत घरभेदी आहे. मग एकेकाला आत बोलावून चौकशी झाली. तुम्ही त्या वेळी कुठं होता, तुमचं माझ्याविषयी मत काय आहे, फोटो तुम्हाला कसा वाटला. फोटोविषयी सगळ्यांनी एकमतानं सांगितलं की बघायला मिळण्याआधीच तो गेला. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की साधनं फुकटची आहेत आणि त्यांचा कोड जगाला उघडा आहे, त्यामुळे हे जगातल्या कुणाचंही काम असू शकतं. एवढ्या मोठ्या जगात आपल्या मिशीवर कुणाचा डोळा असेल, याचा विचार करत जावईबापू जिना चढून मामींच्या खोलीत आले.

मामींनी त्यांना खुर्ची दिली आणि राखणदाराचं सगळं समजावून सांगितलं, काही हातचं न राखता. पडद्यावर नोंद दाखवली. जावईबापूंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. शत्रू नसणं हे शत्रू असण्यापेक्षा जास्त अपमानाचं असतं.

"म्हणजे एक फुकटचा प्रोग्राम मला काढून टाकतो?"

"तुम्हाला नाही, सर. फरकाला."

"ठीक आहे. मग त्याला सांगा, मी केलेल्या बदलांना हात लावायचा नाही. माझ्यापुरतं."

"त्याला माणसं ओळखता येत नाहीत," मामी म्हणाल्या. "म्हणून तर त्याला ठेवलाय."

जावईबापूंनी खिशातून एक चकचकीत पत्रक काढलं. बाजारात एक भारी यंत्रणा आलीय, म्हणाले. सगळं तयार मिळतं, आत काय आहे ते बघायची गरजच पडत नाही, आणि मुख्य म्हणजे वरिष्ठांसाठी त्यात वेगळं बटण असतं. ते दाबलं की मंजुरी नाही, तपासणी नाही, थेट काम. मामींनी पत्रक वाचलं, उलटून मागची बाजूही वाचली आणि घडी घालून परत दिलं. आमच्या वाटेवर असं बटण नाही, त्या म्हणाल्या, आणि बसवायचं तर ते मी बसवणार नाही. मात्र तुमचा फोटो रीतसर पडद्यावर जाऊ शकतो. गिटमध्ये बदल लिहा, तुमचं नाव घाला, कारण घाला, दुसऱ्या कुणाची मंजुरी घ्या. चाळणीतून पार झाला तर राखणदार स्वतः जाऊन तुमचा फोटो लावेल आणि दुसरं कुणी काढलं तर परतही लावेल. तो तुमच्याशीही इमान राखेल.

हे जावईबापूंना पटलं. त्यांनी बोक्याच्या शेजारी बसून, बोक्याला विचारत विचारत, बदल लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, 'प्रतिमा उंचावणे'. कळ दाबली. चाळणी लाल झाली.

अडवणाऱ्या तपासणीचं नाव होतं, 'शेवटच्या खुर्चीतून नंबर वाचता आला पाहिजे'. ही मामींची. मागे एकदा आईबरोबर दवाखान्यात गेल्या असताना त्यांनी आईला सगळ्यात मागच्या खुर्चीत बसवलं होतं, तिचा चष्मा काढून घेतला होता, आणि नंबर किती मोठा असला म्हणजे ती कुरकुर न करता वाचते ते बघितलं होतं. आई कुरकुर न करण्याइतका नंबर बराच मोठा निघाला. तोच आकडा तपासणीत बसला.

"ही तपासणी काढून टाका," जावईबापू म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी, सर. तपासणी काढणं हाही बदलच आहे. तुम्ही लिहा, तुमच्या नावानं. मला लिहायला सांगू नका, आणि मंजुरीही मागू नका. मी देणार नाही."

त्यांनी लिहिला. आता फक्त एका मंजुरीचा प्रश्न होता. कंपनीत मंजुरी देऊ शकणारी माणसं कमी नव्हती, आणि जावईबापूंना वाटलं, पाच मिनिटांचं काम. ते स्वतः टेबलाटेबलांवर फिरले. प्रोग्रामर मंडळींत तेव्हा कामाची अशी काही लाट आली की तशी ती कधीच आली नव्हती. एकाची स्क्रीन अचानक काळी झाली. एकीनं सांगितलं की मी पडद्याकडचं काम बघत नाही, मी चिठ्ठीकडचं बघते, आणि चिठ्ठीवर फोटो हवा असेल तर सांगा. एक जण जावईबापू पोचायच्या आत टेबलाखाली वायर शोधायला गेला आणि ते निघून गेल्यावरही, खात्री म्हणून, बराच वेळ खालीच राहिला. नाही असं कुणीच म्हटलं नाही, आणि मंजूर असं कुणीच लिहिलं नाही. बदल गिटमध्ये जावईबापूंच्या नावानं वाट बघत बसला, खाली एक रिकामी चौकट घेऊन.

शेवटी ते बोक्याकडे आले. बोक्याची सगळ्यांना खात्री होती. वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं कमी कष्टाचं, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण होतं. बोक्यानं बदल वाचला. पुन्हा वाचला. मग जांभई दाबत म्हणाला, "सर, हे मंजूर करायचं तर माझं नाव लिहावं लागतं."

"मग लिही ना."

"त्याचाच कंटाळा आलाय."

जावईबापूंनी मग स्वतःच राखणदार बंद केला, किल्ली होतीच. दुसऱ्या राखणदारानं तो पुन्हा उठवून बसवला. त्यांनी दुसरा बंद केला, तर पहिल्यानं तोवर त्याला उठवला. लहान मुलांना झोपवणाऱ्या आईचा जो चेहरा होतो, तो चेहरा घेऊन जावईबापू संध्याकाळी मामींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, उद्यापासून तुम्ही तक्रारींच्या फोनवर. ही खोली मी बघतो."

मामींना या घटकेला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. जिन्याशेजारची खोली त्यांनी उभी केली होती. खिडकीची कडी बसत नव्हती, तिथं कागदाची घडी त्यांनी लावली होती. यंत्रांच्या घरघरीत एखादा वेगळा सूर लागला तर त्यांना तो जिन्यातच ऐकू येई. आता ते सगळं घडी घातलेल्या पत्रकातल्या बटणाच्या हवाली करून खाली जाऊन बसायचं.

"बसते," त्या म्हणाल्या. "फोन मी बरा उचलते. पण तुमचा एक गैरसमज झालाय, तो दूर करते. मी गेले म्हणजे राखणदार जाईल असं तुम्हाला वाटतंय. तो माझा नाही. तो कुणाचाच नाही, किंवा सगळ्यांचा आहे, काय ते तुम्ही ठरवा. ज्यांनी त्याला लिहिलं त्यांना मी भेटलेले नाही. इथं तो कसा बसवलाय, का बसवलाय, प्रत्येक ओळ उघडी लिहिलीय. बोका चालवू शकतो. खालचं कुणीही वाचून चालवू शकतं. तुम्हीसुद्धा वाचू शकता."

"मी कशाला वाचू?"

"वाचलं असतंत तर फोटो चढवण्यात दिवस गेला नसता. माझी नोकरी तुमच्या हातात आहे, सर. नियम नाही. तो कुणाच्याच हातात राहू नये म्हणून तर एवढा उपद्व्याप केला."

त्यांनी आपला कप घेतला, खुर्चीतली उशी काखेत मारली आणि जिना उतरून गेल्या. खिडकीतली कागदाची घडी तशीच ठेवली.

तक्रारींचं टेबल खाली दाराजवळ होतं. तिथं आजवर एक मुलगी बसायची. ती प्रत्येकाला, आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, असं सांगून फोन ठेवून द्यायची. तिला चिठ्ठ्यांच्या कामाला लावून मामी तिथं बसल्या. दुसऱ्या दिवशी पहिलाच फोन ओळखीचा होता.

"तक्रार नोंदवून घ्या," आई म्हणाली. "आणि आई म्हणून नको, रीतसर घ्या."

"नाव?"

"मुलीला आईचं नाव माहीत नाही, ही पहिली तक्रार लिही. दुसरी म्हणजे तो मिशीवाला आजही येतोय. मी मागच्या खुर्चीत बसलेय. तो आला की मी डोळे मिटून घेते आणि तो जाईपर्यंत शेजारच्या बाईला विचारते. तिलाही दिसत नाही. आम्ही दोघी मिळून एक माणूस होतो."

आई फिरकी घेत नव्हती. जावईबापूंनी हट्ट सोडला नव्हता. आता मामींच्या खोलीत, मामींच्या खुर्चीत बसून ते फोटो चढवत, राखणदार उतरवे, ते पुन्हा चढवत. परिवर्तन प्रमुखांचं दिवसभराचं परिवर्तन एवढंच उरलं होतं. मामींनी आईची तक्रार शब्दही न बदलता टाइप केली आणि जिथं तिची जागा होती तिथं टाकली, म्हणजे गिटमध्ये, जावईबापूंच्या त्या मंजुरीची वाट बघणाऱ्या बदलाखाली. कुणालाही तिथं मत लिहिता येतं आणि ते सगळ्यांना वाचता येतं. मग दुसरा फोन आला, एका दाढदुखीवाल्याचा, आपला नंबर हुकल्याचा. तोही गेला खाली. मग एका नर्सचा. तिचं म्हणणं, लोक मला विचारतात हे डॉक्टर कोण आणि यांच्याकडेच दाखवायचं आहे. तोही गेला. दुपारपर्यंत बदल एका ओळीचा आणि त्याखालची मतं लांबच्या लांब, असं ते प्रकरण झालं. काल वायर शोधायला टेबलाखाली गेलेला प्रोग्रामर सगळं मोठ्यानं वाचून दाखवायला लागला.

हसण्याचा आवाज मोठ्या साहेबांच्या दालनापर्यंत गेला. ते बाहेर आले. जावईही खाली आला आणि सासऱ्यांना म्हणाला की प्रश्न एका मंजुरीचा आहे, बाकी सगळे घाबरतात, तुम्हीच देऊन टाका. साहेब मामींच्या टेबलाशी आले आणि वाकून पडद्यावर सगळं वाचू लागले. आईची तक्रार वाचताना त्यांचे ओठ हलत होते. शेवटी खालच्या रिकाम्या चौकटीवर त्यांची नजर थांबली.

"इथं माझं नाव येणार?"

"हो, साहेब," मामी म्हणाल्या. "तपासणी काढायला मंजुरी, असं लिहून."

"आणि किती दिवस राहील ते?"

"कायम. पुसता येत नाही. पुढं कुणी पुसायचा प्रयत्न केला तर त्याचंही नाव राहतं."

"आणि याचा फोटो?"

"तो दोन-चार मिनिटं राहतो."

साहेबांनी जावयाकडे बघितलं. मग आपल्या खिशावर हात फिरवला. "माझा चष्मा घरी राहिला," ते म्हणाले, आणि नाकावरचा चष्मा सावरत दालनाकडे निघाले. जाता जाता थांबून त्यांनी मामींना सांगितलं की तुम्ही आपल्या वर जा, बाकी काय ते बघता येईल.

जावईबापूंच्या कपाळावर आठी उमटली. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"तोंडी नको, साहेब. खाली धाडलं तेही तोंडीच होतं. कुणी पाठवलं, का पाठवलं, याचा कुठं मागमूस नाही. ज्यांनी पाठवलं त्यांनी गिटमध्ये नावानं लिहावं, कारण घालावं. मग जाते. तोवर फोन आहेत."

साहेबांनी आत जाऊन दालनाचं दार ओढून घेतलं. जावईबापू म्हणाले की ते काहीही लिहिणार नाहीत, आणि ताडताड वर गेले.

आणि मग बोका उठला.

हे कंपनीत आजवर घडलं नव्हतं. जेवणाची सुट्टी नव्हती, आग लागली नव्हती, आणि बोका उठला होता. त्यानं पुतळ्याच्या हातावरचे हेडफोन काढून नीट गुंडाळले. जावईबापू हात धुवायला गेलेले बघून तो हात त्यांच्या टेबलावर, बोटं त्यांच्या खुर्चीकडे करून ठेवला आणि परत येऊन बसला. दोन्ही टेबलांत जेमतेम चार पावलं होती, पण बसताना त्याला दम लागला होता.

जावईबापूंनी हात उचलून जिन्यात नेऊन ठेवला. परत आले, फोटो चढवला, कॉफी आणायला खाली उतरले. परत येऊन बघतात तर टेबलावर हात. बोका झोपलेला. त्यांनी हात कपाटात टाकला. फोनवर बोलायला बाहेर गेले, आले, तर हात टेबलावर. या वेळी तर बोका खोलीतही नव्हता. खिडकीबाहेर ठेवला, तर चिठ्ठीकडचं बघणारी मुलगी तो घेऊन आली आणि म्हणाली, सर, तुमचा हात पडला होता. कुणी ठरवून काही करत नव्हतं. जो कुणी जिन्यातून जाई, त्याला हात भलत्या जागी दिसे, आणि तो उचलून जागेवर ठेवून आपल्या कामाला जाई.

शेवटी जावईबापू तो प्लास्टिकचा हात धरून मामींच्या टेबलाशी आले. सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते. मामी फोनवर होत्या. त्यांनी पलीकडच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं.

"मॅडम, हे कोण करतंय?"

"कुणी नाही, सर. जिथं असायला हवा तिथं तो येतो."

"आणि मी रोज बाहेर टाकला तर?"

"टाका की. तुमच्याकडे वेळ आहे. आमच्याकडेही आहे."

जावईबापू उभे राहिले. काहीतरी झणझणीत बोलायचं असावं, पण हातात पुतळ्याचा हात घेऊन तसं बोलता येत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते जिना चढून गेले. जिन्यात ठेवून झाला होता, कपाटात झाला होता, खिडकीबाहेर झाला होता. वर पोचल्यावर त्यांनी क्षणभर खोलीभर नजर फिरवली आणि तो टेबलावर ठेवला, होता तिथंच, बोटं आपल्याकडे करून. हे मामींना नंतर बोक्यानं सांगितलं. त्याला तेव्हा जाग होती, पण डोळे अर्धवट मिटलेले होते.

त्यानंतर पडद्यांवर फोटो आला नाही. राखणदाराच्या नोंदीत नवा फरक दिसला नाही. थोड्याच वेळात मामींच्या समोरच्या पडद्यावर गिटमध्ये एक नवा बदल उगवला, जावईबापूंच्या नावानं. 'डेव्हऑप्स मॅडमना पूर्ववत वर पाठवणे.' कारणाची जागा रिकामी होती. चाळणी लाल झाली.

पुन्हा आला. कारणाच्या जागी एक टिंब. चाळणीला टिंब चालत नाही. ती लाल झाली.

पहिल्या टेबलावरून कुणीतरी हळूच विचारलं, मामी, सांगायचं का त्यांना की कारण लागतं? मामी म्हणाल्या, त्यांना माहीत आहे. म्हणूनच वेळ लागतोय.

आईचा फोन आला. तिचा नंबर नीट दिसला होता, मागच्या खुर्चीतून, आणि डॉक्टरांनी पुढच्या ऑपरेशनचा दिवसही दिला होता. तू वर गेलीस का परत, तिनं विचारलं.

"नाही अजून," मामी म्हणाल्या. "कारण लिहितायत."

पडद्यावर पुन्हा लाल झालं. मामींनी उशी पाठीशी नीट सरकवली आणि पुढचा फोन उचलला.